सातवा पंच

“आनि भीड पडल्याला?” मागच्या खुर्चीवरून एका बाईंनी विचारलं.

फळ्यावर मी नुकतेच तीन शब्द लिहून त्यांच्याखाली रेघ मारली होती. खरा, खोटा आणि बंद पडलेला. दिनकरअण्णा खोतांच्या गुऱ्हाळाच्या पत्र्याखाली आमचा प्रशिक्षणवर्ग चालला होता. समोर मोरवड्याच्या सहा गुऱ्हाळांचे मालक बसले होते, शेजारी काहिलीत उसाचा रस उकळत होता, आणि मी, मंदार टिपणीस, वय वर्षे सव्वीस, पुण्याच्या एका कंपनीतून आलेला, त्यांना सांगत होतो की जगात साक्षीदार या तीनच प्रकारचे असतात आणि आमची व्यवस्था तिघांनाही पुरून उरते.

“म्हणजे कसा माणूस?” मी विचारलं.

“खरं काय ते ठावं हाय, पर तोंडानं बोलवत न्हाई. असल्याला कुठल्या खणात घालायचा?”

सगळे हसले. मीही हसलो. त्या बाई म्हणजे तानुकाकी चौगुले. नवरा वारल्यापासून बारा वर्षं त्या एकट्या गुऱ्हाळ चालवत होत्या. पाक झाला की नाही हे ठरवणाऱ्या माणसाला तिकडे गुळव्या म्हणतात. हे काम पुरुषांचं समजलं जातं. काकींच्या गुऱ्हाळात गुळव्या काकीच होत्या.

“काकी, यंत्राला भीड नसते,” मी म्हणालो.

“यंत्राला नसंल. बटण दाबणारं बोट माणसाचंच की.”

“काकींना परीक्षेला बसवा आधी,” अण्णा म्हणाले, आणि मी फळा पुसून पुढच्या मुद्द्याकडे वळलो.

याला आता सात वर्षं झाली. तेव्हा ब्लॉकचेन हा शब्द नुसता उच्चारला तरी माणसं खुर्ची पुढे करत. बिनसाखरेचा गूळ परदेशी पाठवणारी मुंबईची एक खरेदीदार कंपनी होती. गुळात साखर मिसळलेली नाही याची तिला खात्री हवी होती. खात्री द्यायची कुणी? एखादा तपासनीस नेमला तर त्याला कुणीतरी खिशात घालणार. म्हणून आम्ही म्हटलं, तपासनीसच नको. नोंदवही एकाच्या हातात न ठेवता सात जणांच्या हातात ठेवू. सहा गुऱ्हाळं आणि सातवा आमच्या कंपनीचा माणूस, म्हणजे मी. प्रत्येकाकडे एक टॅब. काहिलीतून एक आदण उतरलं, म्हणजे गुळाचा एक घाणा निघाला, की त्याचा खडा सातही जणांकडे चवीला जायचा. ज्याने त्याने चव घेऊन चार वाजायच्या आत ‘मंजूर’ किंवा ‘नामंजूर’ दाबायचं. सातातल्या पाचांचं जमलं की ती नोंद आधीच्या नोंदीला साखळीच्या कडीसारखी जोडली जायची, तीही सातही ठिकाणी एकदम, आणि मग ब्रह्मदेव आला तरी ती पुसता येत नसे. “पुसता येत नाही” हे वाक्य मी त्या महिन्यात किती वेळा म्हटलं असेल याची गणती नाही. गावाने टॅबला लगेच नावही दिलं, पंच. “तुमचा पंच चार्ज केला का?” असं लोक एकमेकांना विचारू लागले.

चवीने कळतं का, असा प्रश्न पुण्यात आमच्या साहेबांनाही पडला होता. पण प्रयोगशाळेतून निकाल यायला आठ दिवस लागत, आणि मोरवड्यातला माणूस खडा तोंडात टाकून ऊस कुठल्या रानातला तेही सांगतो अशी ख्याती होती. ती खोटी नव्हती. त्या गावात गूळ ओळखू न येणारा एकच माणूस होता. तो सातवा पंच होता.

एक नियम सांगायचा राहिला. खोटा साक्षीदार किंवा बिघडलेलं यंत्र ओळखायचं कसं? आमच्या साहेबांचं उत्तर सोपं होतं : जो बाकी सगळ्यांच्या विरुद्ध एकटा जातो, तो. एकदा चूक होऊ शकते, दोनदाही. तिसऱ्यांदा एकटा पडला की व्यवस्था त्याला आपोआप साखळीबाहेर काढणार. त्याच्या मालाची नोंद पुन्हा होणार नाही. सोबतीला एक जरी मत असलं तरी तो एकटा धरला जात नसे. हा नियम मला फार आवडला होता. मी त्याचं मराठी भाषांतरही मन लावून केलं होतं.

खडा कुणाचा हे कळू नये म्हणून कंपनीने नुसते आकडे छापलेल्या प्लास्टिकच्या डब्या पाठवल्या होत्या. मत कुणी काय दिलं ते मात्र सगळ्यांना दिसायचं. पारदर्शकता हा आमचा दुसरा लाडका शब्द. चौथ्या दिवशी सहा मालकांतले शिवगोंडा पाटील म्हणाले, “सायेब, त्या डब्यांचा वास लागतोय गुळाला. आमी घरातल्या स्टीलच्या घेतल्यात. तुमचा आकडा वर चिकटवतो की.” मला त्यात काहीच गैर वाटलं नाही. उलट गावाने व्यवस्था आपलीशी केली असं मी पुण्याला कळवलं.

पहिला महिना नुसती मजा होती. प्रत्येक आदणाला सातपैकी सात. मी तर इतर सहा काय दाबतात ते पाहूनच माझं मंजूर दाबायचो, कारण माझ्या जिभेला सगळंच गोड लागायचं. पुण्याला आलेख गेला, शंभर टक्के सहमती, सरळ आडवी रेघ. साहेबांनी तो पडद्यावर लावून सगळ्यांना दाखवला म्हणे.

फेब्रुवारीत खरेदीदारांचं पत्र आलं की गूळ जरा पिवळाधमक हवा, काळपट नको. साखर मिसळली की गुळाला तसा रंग येतो, हे मला नंतर कळलं. पुढच्या आठवड्यात एका आदणावर सहा मंजूर आणि एक नामंजूर पडलं. तानुबाई ज्ञानू चौगुले. चार दिवसांनी दुसऱ्या आदणावर पुन्हा तेच. टॅबवर त्यांच्या नावापुढे दोन लाल ठिपके आले. मी मोटरसायकल काढून त्यांच्या गुऱ्हाळावर गेलो.

काकी वाफ्यातला, म्हणजे निवायला ओतलेला, गूळ सारखा करत होत्या.

“काकी, तुमच्या पंचात काही बिघाड आहे का? दोनदा नामंजूर पडलं.”

“पडलं न्हाई. दाबलं.”

“अहो, पण बाकीच्या सहांनी मंजूर केलंय.”

“तुमी धरून सा व्हय?” त्या हसल्या. “तुमास्नी काय कळतंय त्यातलं?”

मी नियम पुन्हा समजावला. अजून एकदा एकट्या पडलात तर बाहेर. या मोसमाचा सगळा गूळ त्यांनी या खरेदीदारांसाठी राखून ठेवला होता. बाजारच्या अडत्यांना नकार देऊन बसल्या होत्या. बाहेर पडल्या तर माल दारात पडणार, हेही मी बोलून दाखवलं.

“मग काय, साखर हाय ते न्हाई म्हणून दाबू?”

“असेलच कशावरून?”

काकींनी हात धुतले, आतून दोन वाट्या आणल्या आणि मला खाटेवर बसवलं. “ह्यो घ्या. चावायचं न्हाई. जिभेवर ठिवायचं आनि गप बसायचं. तुमास्नी गप बसाय जमत न्हाई, पर बघा.”

पहिला खडा जिभेवर ठेवताच गोडी टपकन वर आली आणि तशीच विरली. दाढेखाली बारीक कचकच लागली. दुसरा सावकाश विरघळत गेला, आणि तो संपतोय असं वाटताना मागे किंचित खारट चव राहिली.

“खारट लागलं?” मी विचारलं.

“रानाची चव ती. आमच्या मातीत खार हाय. साखर घातली की तीच पहिली जाती.”

मग त्यांनी माझ्याकडे पाठ करून वाट्या बदलल्या, पुन्हा बदलल्या. मी पाचापैकी पाच बरोबर ओळखले. पाचव्या वेळी मी खाटेवरून उठून जवळजवळ नाचलोच. त्या गावात दीड महिना राहून मी पहिल्यांदा काहीतरी शिकलो होतो, आणि ते मला मनापासून आवडलं होतं.

“आता सातवा पंच झालासा,” काकी म्हणाल्या. “ह्या आधी नुसतं मोजायला होतासा.”

निघताना मी विचारलं, “पण काकी, बाकीच्यांना कळत कसं नाही?”

त्यांनी कोपऱ्यातली, चवीला आलेली एक स्टीलची डबी उचलली आणि उलटी करून माझ्यासमोर धरली. वर कंपनीचा आकडा होता. खाली बुडावर यंत्राने ठिपके ठिपके काढून नाव घातलं होतं : दिनकर गणपती खोत, मोरवडे.

मराठी घरातल्या भांड्यांवर नावं असतात हे मला माहीत नव्हतं असं नाही. आमच्या आईच्या पातेल्यावर मामाचं नाव आहे. पण महिनाभर त्या डब्या माझ्या टेबलावर येत होत्या आणि मी त्या एकदाही उलट्या करून पाहिल्या नव्हत्या. माझी गुप्त व्यवस्था घरोघरी बुडाला नाव घालून फिरत होती.

आणि अण्णांच्या डबीला नामंजूर कोण दाबणार? शिवगोंडांच्या रानाला पाणी अण्णांच्या पाइपातून यायचं. महिपती शिंद्यांची लेक अण्णांच्या पुतण्याला दिलेली. राहिलेल्या दोघांच्या घरी काही कार्य निघालं की मांडव घालायला अण्णा आधी हजर. माणूस वाईट नव्हता, तीच तर अडचण होती. मला दुपारचं जेवण रोज अण्णांच्याच घरी असायचं. वहिनी मला वाढताना ‘अजून एक’ म्हणायच्या नाहीत, सरळ भाकरी ताटात टाकायच्या. पुण्यात खोलीवर कोण विचारतं?

तिसरा खडा आला तो मी तिथे जेवत असतानाच. तो गुरुवार होता. शुक्रवारी सकाळी खरेदीदार कंपनीच्या बाई मुंबईहून पाहणीला येणार होत्या. डबी आणणारा गडी ती माझ्या ताटाशेजारी ठेवून गेला. समोर अण्णा बसले होते. मी डबी उलटी केली नाही. गरजच नव्हती, तसल्याच डबीतलं लोणचं वहिनींनी मला आत्ताच वाढलं होतं.

टॅब उघडून पाहिला. तीन वाजून पाच मिनिटं झाली होती. पाच मतं आधीच पडली होती. चार मंजूर आणि अण्णांचं स्वतःचं. काकींचं यायचं होतं. ते काय येणार हे मला ठाऊक होतं आणि बाकी पाचांनाही.

मी खडा जिभेवर ठेवला. चावला नाही, गप्प बसलो. गोडी टपकन वर आली आणि विरली. मागे खारट काहीच राहिलं नाही.

“मीठ बरोबर हाय न्हवं आमटीत?” अण्णांनी विचारलं. ते माझ्याकडे बघत नव्हते, भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघत होते. त्यांनी धाक घातला असता, निदान डोळे वटारले असते, तरी मी कदाचित त्या रागाने योग्य ते बटण दाबलं असतं. पण त्यांनी मुद्दाम मान वळवली होती, आपल्यामुळे पोराला अवघड वाटू नये म्हणून. दारातून वहिनी म्हणाल्या, “दही देऊ का वाईच?”

मला हिशेब अगदी स्पष्ट कळत होता. मी नामंजूर दाबलं तरी पाच मंजूर होतीच. अण्णांच्या गुळाला काही होणार नव्हतं. शुक्रवारच्या पाहणीतही फार तर आलेखाची रेघ जरा वाकली असती. फक्त काकी एकट्या पडल्या नसत्या. एका बोटाचं काम होतं, आणि ते सगळ्या गावात माझ्याइतकं सोपं कुणालाच नव्हतं.

“द्या,” मी वहिनींना म्हणालो, आणि मंजूर दाबलं.

चार वाजायला दहा मिनिटं असताना काकींचं मत आलं. नामंजूर. त्यांच्या नावापुढे तिसरा ठिपका आला, नाव क्षणभर लाल झालं आणि यादीतून गेलं. त्यांच्या टॅबवर त्या वेळी एक वाक्य उमटलं असणार. ते कोणतं, हे मला तोंडपाठ होतं, कारण त्याचं मराठी मीच केलं होतं : ‘आपण सदोष आढळला आहात.’

शुक्रवारी खरेदीदार बाई आल्या. त्यांना सात टॅब बघायचे होते, सहा दाखवले. “एक यंत्र नादुरुस्त निघालं, व्यवस्थेने स्वतःच ते ओळखून बाजूला केलं,” असं मी सांगितलं. त्या फार खूश झाल्या. म्हणाल्या, “हेच तर हवं होतं आम्हाला.”

मग प्रात्यक्षिक झालं. टेबलावर एक डबी उरली होती. ती काकींकडून आदल्या दिवशी सकाळीच, म्हणजे त्या बाहेर पडण्याआधी आलेली, आणि प्रात्यक्षिकासाठी मी मुद्दाम राखून ठेवलेली. तिचं मत सगळ्यांसमोर घ्यायचं ठरलं. एकेकाने खडा तोंडात टाकला. शिवगोंडांनी डोळे मिटले. अण्णांनी हात पुढे करून दुसरा खडा घेतला. सहाही जणांनी मंजूर दाबलं. त्या महिन्यात मोरवड्यात सहा जणांचं मनापासून एकमत झालं असेल तर ते एवढंच. टॅबवर लाल पट्टी आली : ‘नोंद अवैध. नोंद करणारा साखळीत नाही.’

बाईंनीही तो खडा चाखला. “हा कुणाचा? हा पाठवा ना आम्हाला.”

“त्याची नोंद होऊ शकत नाही,” मी म्हणालो.

“का बरं?”

“तांत्रिक कारण आहे.”

बाईंनी वहीत काहीतरी टिपलं आणि अण्णांच्या गुळाची मागणी दुप्पट केली.

गाडी गेल्यावर शिवगोंडा माझ्यामागून मोटरसायकलपर्यंत आले. मागे महिपती शिंदे आणि बाकीचे दोघे होते. चौघांच्याही माना खाली होत्या.

“सायेब, एक इचारू? राग येणार न्हाई न्हवं?”

“विचारा.”

“काल तुमी मंजूर का दाबलंसा?”

मी म्हणालो, “तुम्ही का दाबलंत?”

“आमचं सोडा. आमास्नी उद्या अण्णाच्या दारात जायाचं हाय. पर आमी आधी आपसात बोललो हुतो, सायेब दाबत्यात नामंजूर, काकीनं त्यास्नी चव शिकीवली म्हणं. तुमी भायेरचं. तुमास्नी कसली भीड?”

जेवणाची, असं सांगायला हवं होतं. ते जिभेवर आलं आणि तिथेच राहिलं. आम्ही पाचही जण एकमेकांवर विसंबून होतो, आणि पाचांनी मिळून एका बाईला खोटं ठरवलं होतं. यात कुणीही खोटा नव्हता, कुणाचं यंत्रही बंद नव्हतं.

मी साहेबांना फोन लावला. तिसऱ्यांदा एकटा पडला की बाहेर हा नियम चुकला आहे, काकींना परत घ्या, म्हटलं. साहेब शांतपणे म्हणाले, “परत घ्यायला सातातले पाच लागतात. मराठीत तूच लिहिलंयस ते. आता सहाच आहेत, त्यातले पाच आण.” मी पाच आणायला निघालो. चौघं म्हणाले, अण्णांनी दाबलं की आम्ही लगेच दाबतो. अण्णा म्हणाले, “माझी काय हरकत न्हाई. चौघांचं काय म्हणणं हाय ते बघा.” असे आठ दिवस गेले. सगळे तयार होते आणि एकही बटण दाबलं गेलं नाही. नवव्या दिवशी मला पुण्याला परत बोलावलं, पगार वाढवून.

जाताना काकींकडे गेलो. न जाता निघून जावं असं फार वाटत होतं. त्यांच्या ओसरीवर गुळाचे रवे, म्हणजे ढेपा, छतापर्यंत रचले होते. टॅब घडी केलेल्या गोधडीवर रुमालात गुंडाळून ठेवला होता, परत द्यायला.

“काकी, चुकलं माझं,” मी म्हणालो. “मला चव कळली होती.”

“म्हाईत हाय. पाचात पाच वळखलं हुतं तुमी.” त्यांच्या आवाजात राग असता तर बरं वाटलं असतं. त्यांनी रुमाल सोडून टॅब माझ्या हातात दिला. “एवढं सांगा. त्यात माझं त्ये तिन्ही नामंजूर हाय का गेलं? मला काढलं तवा त्ये बी पुसलं असंल.”

“नाही काकी. ते पुसता येत नाही. सातही ठिकाणी आहे. सहा ठिकाणी म्हणा. कायमचं.”

“आमी नसलो तरी?”

“कुणी नसलं तरी.”

काकींनी एकदा दाराबाहेर, काहिलीखालच्या, नवऱ्याने घातलेल्या जुन्या चुलवाणाकडे बघितलं. चेहरा इतका मोकळा झाला की मला वाटलं, चला, निदान एक चांगली गोष्ट तरी माझ्या हातून झाली.

“मग झालं की,” त्या म्हणाल्या. आणि मग, खरंच माहीत नसल्यासारखं, त्यांनी विचारलं, “आनि तुमचं मंजूर?”

माझ्या हातातला टॅब मी उगाच पालथा केला.

“तेही.”

काकी उठल्या. एका रव्याला कोयता लावून त्यांनी खडा काढला आणि माझ्या तळहातावर ठेवला.

“घ्या,” त्या म्हणाल्या. “चावू नका.”